फडावरचा मुत्सद्दी आणि लोहगडचा खजिना

नाना फडणवीसांचे नाव निघाले की मुत्सद्देगिरी आठवते; परंतु त्यांचे मूळ पद हिशेबाचे होते. बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यात झाला. घराणे कोकणातील वेळासचे. १७५६ मध्ये पितृछत्र हरपले आणि कोवळ्या वयातच फडणिशी त्यांच्याकडे आली. १७६१ च्या पानिपतातून ते बचावले. आई मात्र अंतरली.

फडणीस हा राज्याच्या पैशाचा पहारेकरी. मामलेदाराला वर्षारंभी अपेक्षित जमाखर्चाचा बेहडा मिळे आणि वर्षअखेरीस त्याच्या हिशेबाची तपासणी होई. रोजकीर्दीत दैनंदिन व्यवहार मोडीत उतरत. परगण्यातील दरकदारांना मामलेदार परस्पर काढू शकत नसे. त्यामुळे त्याच्या कारभारावर स्वतंत्र नजर राही. सावकारांच्या हुंड्यांवर दूरदूर पैसा फिरत असलेल्या त्या काळात ही नोंद म्हणजे राज्याचा कणाच होता.

नारायणरावांच्या १७७३ मधील खुनानंतर बारभाईंच्या कारस्थानात नाना अग्रभागी होते. जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेला मावळातच कोंडून वडगावला तह करावयास भाग पाडण्यात आले. त्यामागे महादजी शिंद्यांची तलवार होती, तसाच नानांचा बंदोबस्तही होता.

याच मावळातील लोहगडावर नानांनी आपली संपत्ती हलविली. गडावरील टाक्याच्या १७८९ मधील शिलालेखात त्यांचे नाव आहे. राज्याच्या पैशाचा हिशेब मागणाऱ्या कारभाऱ्याची स्वतःची दौलत मात्र गडाच्या तटाआड होती, आणि तीच पुढे हेव्याचा विषय ठरली. सवाई माधवरावांच्या १७९५ मधील मृत्यूनंतर सत्तेचा डाव विस्कटला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनी त्यांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. पुढील वर्षी सुटका झाली, तीही मोठी रक्कम मोजून.

१३ मार्च १८०० रोजी नानांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी जिऊबाईंनी लोहगडाचा आश्रय घेतला. किल्लेदार धोंडोपंत निजसुरे यांनी त्यांना सांभाळले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत दप्तराची शिस्त ढासळली आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. खजिना पांगला, पण दप्तरांतील कागद उरले. पेशवाईचा अभ्यासक आजही त्यांच्याकडेच वळतो.