जॉर्ज बूल : खरे-खोट्याचे गणित मांडणारे शिक्षक

जॉर्ज बूल हे आपल्यासारखेच शिक्षक. जन्म १८१५, लिंकन, इंग्लंड. वडील चपला-बूट शिवायचे. १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. पदवी नसतानाही १८४९ मध्ये ते आयर्लंडमधील कॉर्क येथे प्राध्यापक झाले.

त्यांनी खरे-खोटे १ आणि ० ने मांडले. म्हणून पास्कल या संगणकभाषेत खरे-खोटे साठवणाऱ्या प्रकाराला ‘बूलियन’ म्हणतात. तिथले एका ओळीचे ‘इफदेन’ फंक्शन वाचायला सुटसुटीत, पण त्यात दोन्ही उत्तरे आधी काढली जातात, मग एक निवडले जाते. साधे ‘इफ-एल्स’ लागेल तेवढेच काम करते. आपल्या जालन्यातल्या शाळेचंच बघा: पाऊस असेल तर परिपाठ वर्गात, नाहीतर मैदानावर. दोन्हीकडे सतरंज्या अंथरून मग आभाळ बघायचं का?

१८६४ मध्ये पावसात भिजलेल्या कपड्यांनीच बूल यांनी तास घेतला, आजारी पडले आणि गेले.