बोटांना दृष्टि देणारा : लुई ब्रेल

राज्यें जिंकणाऱ्या वीरांचीं नांवें इतिहासांत मोठ्या अक्षरांनीं लिहिलेलीं आढळतात. परंतु हातीं शस्त्र न धरितां ज्यानें असंख्य बांधवांस अज्ञानाच्या बंदिवासांतून सोडविलें, अशा एका नम्र शिक्षकाचें चरित्र आज बालमित्रांपुढें ठेवावयाचें आहे.

फ्रान्स देशांत पॅरिस शहराच्या पूर्वेस सुमारें ४० किलोमीटरांवर कूव्रे नांवाचें खेडें आहे. तेथें ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं लुई ब्रेलचा जन्म झाला. त्याचा बाप घोड्यांचे खोगीर, लगाम इत्यादि चामड्याचें सामान बनवीत असे. तीन वर्षांचा लुई एके दिवशीं बापाची आरी घेऊन खेळत असतां ती निसटून त्याच्या डोळ्यांत घुसली. जखम चिघळली, तिचा विकार दुसऱ्या डोळ्यासहि झाला, आणि पांच वर्षांचा होतां होतां तें बालक पूर्ण अंध झालें.

त्या काळीं गरिबाच्या अंध मुलापुढें भिक्षेवांचून दुसरा मार्ग क्वचितच असे. परंतु लुईचे आईबाप शहाणे होते. गांवचे धर्मगुरु पालुई यांनीं मुलाची बुद्धि ओळखली व त्यास गांवच्या शाळेंत प्रवेश मिळवून दिला. केवळ ऐकून तो इतर मुलांच्या बरोबरीनें शिकूं लागला. पुढें १८१९ सालीं, दहा वर्षांचा असतां, पॅरिस येथील सरकारी अंधशाळेंत त्याची सोय झाली.

ही शाळा व्हालांतँ हाउई या परोपकारी गृहस्थानें स्थापन केली होती. तेथील पुस्तकांत नेहमींचींच अक्षरें कागदावर उठावानें छापलेलीं असत. पण एकेक अक्षर बोटानें चाचपून वाक्याच्या शेवटास पोंचेपर्यंत आरंभ विसरून जावा, अशी स्थिति होई. पुस्तकें अवजड, महाग व थोडीं असत. आणि त्या अक्षरांनीं अंधास स्वतः लिहितां तर मुळींच येत नसे. डोळसांस जें पाहावयास सोयीचें, तेंच अंधांच्या बोटांसहि सोयीचें, अशी शिक्षकांची समजूत होती.

१८२१ सालीं शार्ल बार्बिए नांवाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची लिपि या शाळेंत आली. ठिपके बोटांस चटकन् कळत, व टोचणीनें ते स्वतः काढतांहि येत. मात्र तिच्यांत एकेका खुणेस बारापर्यंत ठिपके लागत, आणि शब्दांचें शुद्धलेखन, विरामचिन्हें व अंक यांची सोय नव्हती. कल्पना उत्तम होती, रचना अपुरी होती. दिवसा अभ्यास व रात्रीं प्रयोग, असा लुईचा क्रम सुरू झाला. अखेर १८२४ च्या सुमारास, अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्यानें मार्ग शोधून काढला. दोन उभ्या ओळी व प्रत्येकींत तीन, असे केवळ सहा ठिपके! एका बोटाच्या टोकाखालीं संपूर्ण खूण मावे. या सहांच्या कमीअधिक जुळणीनें ६३ खुणा होतात. त्यांत अक्षरें, अंक व संगीताचे स्वरसुद्धां बसविले. १८२९ सालीं ही पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली.

विद्यार्थ्यांनीं तिचें मनापासून स्वागत केलें, परंतु अधिकाऱ्यांनीं केलें नाहीं. डोळसांस न वाचतां येणारी लिपि अंधांस समाजापासून दूर नेईल, असा त्यांचा आक्षेप होता. १८४० नंतर आलेल्या नव्या मुख्याधिकाऱ्यानें तर शाळेंत तिचा वापर बंद पाडला. तरी मुलें ती चोरून शिकतच राहिलीं. ब्रेलनें भांडण केलें नाहीं. डोळसांसहि वाचतां येतील अशीं अक्षरें ठिपक्यांनीं काढण्याची निराळी युक्ति त्यानें १८३९ सालींच प्रसिद्ध केली होती. म्हणजे आक्षेपास त्यानें कृतीनें उत्तर दिलें होतें. शेवटीं १८४४ मध्यें शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभांत ब्रेलच्या लिपीचें प्रात्यक्षिक सर्वांसमक्ष झालें, व शाळेचा विरोध मावळला.

ब्रेल त्याच शाळेंत शिक्षक झाला होता. तो पॅरिसच्या चर्चमध्यें ऑर्गनहि उत्तम वाजवीत असे. तारुण्यांतच त्यास क्षयानें गांठलें, तरी गरजू विद्यार्थ्यांस तो आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून उसने पैसे देई. त्या कर्जाच्या चिठ्ठ्यांची पेटी न उघडतां जाळावी, अशी त्याची अंतिम इच्छा होती. ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, वयाच्या ४३ व्या वर्षीं, तो देवाघरीं गेला. त्याच्या लिपीस फ्रान्समध्यें अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्यें. तो सन्मान त्यास पाहावयास मिळाला नाहीं. पुढें १९५२ सालीं त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकांत नेण्यांत आले. परंतु हातांच्या अस्थि मात्र कूव्रे येथेंच ठेविल्या आहेत.

तें बीज आपल्या प्रांतींहि रुजलें. १९०० सालीं मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या कु. अ‍ॅना मिलार्ड यांनीं अंधशाळा काढली. १९५१ मध्यें भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल ठरली, व मराठी तिच्यांत लिहिली जाऊं लागली. आज ठिपके उमटविलेल्या पत्त्यांनीं अंध व डोळस मित्र एकत्र खेळतात, आणि संगणकावरील मजकूरहि ठिपक्यांच्या पट्टीवर बोटांनीं वाचतां येतो.

मुलांनो, ज्या आरीनें लुईची दृष्टि नेली, तिच्यासारख्याच टोंकदार टोचणीनें त्यानें आपल्या बांधवांस ज्ञानाचा प्रकाश दिला. आपल्या शेजारीं कोणी अंध वा अपंग बंधु असेल, तर त्याच्यावर नुसती दया करूं नका. त्यास काय सोयीचें आहे हें प्रथम त्यालाच विचारा, कारण हाउईच्या शाळेनें तेवढें विचारलें असतें तर कित्येक वर्षें वांचलीं असतीं. आणि स्वतःवर संकट आलें तर देवानें मागें काय ठेविलें आहे, तें शोधा. लुईजवळ बोटें उरलीं होतीं. तेवढ्यांनीं त्यानें जगास वाचावयास शिकविलें.