सर्व विद्यांचा उपासक : दामोदर धर्मानंद कोसंबी

दहावीची परीक्षा आटोपली म्हणजे घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : विज्ञान घ्यावे, वाणिज्य घ्यावे, की कला शाखेकडे वळावे? एक दार उघडले की इतर दारे लागलीच मिटतात. या पेचातून काढलेला एक मार्ग म्हणजे आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएटचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. ही संस्था १९६८ साली जिनीव्हा येथे स्थापन झाली. आता भारतातील काही शाळांतही तिचा अभ्यासक्रम चालतो. त्यात भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सहा विषय एकत्र शिकावे लागतात, आणि शिवाय एका प्रश्नावर ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध लिहावा लागतो. इतके विषय घेऊन एकातही प्रावीण्य येईल काय, अशी शंका पालकांस येणे साहजिक आहे. या शंकेचे उत्तर शोधणाऱ्याने दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र अवश्य पाहावे.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना या घराण्याचा अभिमान वाटतो तो उगाच नव्हे. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे व पाली भाषेचे थोर पंडित. विद्येसाठी घरदार सोडून ते नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथवर हिंडले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस आश्रय दिला, आणि पुढे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातही त्यांनी काम केले. म्हणून आपल्या गुजरातशीही या कुटुंबाचा ऋणानुबंध आहे.

१९१८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंद अमेरिकेस निघाले, तेव्हा त्यांनी कन्या माणिक व पुत्र दामोदर यांस बरोबर नेले. तेथील केंब्रिज हाय अँड लॅटिन स्कूल या शाळेत दामोदरांचे शिक्षण झाले. शेवटच्या परीक्षेत त्यांनी असे यश मिळविले की हार्वर्डची प्रवेशपरीक्षा त्यांस माफ झाली. विद्यापीठात बर्कहॉफ हे नामांकित गणिती त्यांचे गुरू होते. शिष्याने केवळ गणितावर चित्त एकाग्र करावे, अशी त्यांची इच्छा होती. दामोदरांनी मात्र गणिताबरोबर अनेक भिन्न विषय घेतले, आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळविली. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्यांस अवगत होत्या.

स्वदेशी परतल्यावर काशी व अलीगढ येथे अध्यापन करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. हिऱ्याचा बारीकसा खडाही काट्यावर तोलल्यावाचून ज्या नगरीत हातावेगळा होत नाही, त्या सुरतेच्या वाचकांस त्यांचे पुढील काम विशेष रुचेल. संख्याशास्त्र नीट समजावे म्हणून त्यांनी प्राचीन आहत नाणी घेतली व ती हजारोंच्या संख्येने सूक्ष्म तराजूत तोलली. नाणे हातोहात फिरले की झिजते. म्हणून अधिक काळ फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन कमी भरते, आणि त्यांच्या वजनांतील तफावत मात्र वाढत जाते. या नियमावरून कोणती नाणी आधीची व कोणती नंतरची, हे त्यांनी ठरविले. पण ही नाणी पाडली कोणी? हे जाणण्यास जुने ग्रंथ पाहणे आले, आणि ग्रंथांसाठी संस्कृताचे सखोल अध्ययन आले. त्यातूनच १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तराजूपासून निघालेली वाट काव्यापर्यंत पोहोचली!

जीवशास्त्रातही त्यांचे नाव राहिले आहे. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे त्यांचे १९४४ मधील सूत्र आजही कोसंबी यांच्याच नावाने ओळखले जाते. पुण्याभोवतालच्या डोंगरांत पायी हिंडून त्यांनी अश्मयुगीन हत्यारे गोळा केली, खेड्यांतील देवदेवतांची चौकशी केली, आणि १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासास नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला. राजांच्या नामावळीपेक्षा नांगर, धान्य, व्यापार व श्रम यांत इतिहास शोधावा, ही त्यांची दृष्टी होती. १९५७ मध्ये वि. वि. गोखले यांच्यासह त्यांनी संपादिलेला सुभाषितरत्नकोश हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत ४२वा खंड म्हणून निघाला. त्याच मालेचा ४१वा खंड म्हणजे वडिलांनी ज्याच्यासाठी समुद्र ओलांडला तो विसुद्धिमग्ग.

या मार्गाने जाणाऱ्यास मोलही द्यावे लागते, हे लपविण्याचे कारण नाही. १९५९ मध्ये रीमानच्या सुप्रसिद्ध गणिती प्रश्नाची त्यांनी मांडलेली सिद्धता टिकली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांची नेमणूक १९६२ नंतर पुढे चालू राहिली नाही. तथापि त्यांचे काम थांबले नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले, त्याच्या आदल्याच वर्षी प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

कोसंबींनी अनेक विषय केवळ चाखून सोडले नाहीत. हाती घेतलेल्या प्रश्नाने जेथे नेले तेथे ते गेले, आणि तेथील विद्या मुळापासून शिकले. विषय पुष्कळ असल्याने विद्या उथळ होत नाही, अर्धवट सोडल्याने होते. म्हणून, मित्रहो, विज्ञान घेणाऱ्याने एक भाषा सोडू नये, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणिताला भिऊ नये. अभ्यासक्रम कोणताही असो. मनात एखादा खरा प्रश्न असला, तर बंद झालेली दारे ठोठावण्याचे बळ तोच देतो.