बंदीवानांचा कैवारी जॉन हॉवर्ड

मनुष्य तुरुंगांत मरण पावला, तर त्याच्या रक्ताचा जाब कोणीं द्यावा? शस्त्रानें मारणारा खुनी, हें सर्वांस कळतें. परंतु अंधार, उपासमार व रोग ह्यांनीं जो मारिला जातो, त्याचा मारणारा कोण? ह्या प्रश्नाचा ज्यानें जन्मभर पाठपुरावा केला, त्याचें चरित्र आमच्या मंडळ्यांनीं ऐकण्याजोगें आहे.

जॉन हॉवर्ड ह्याचा जन्म सन १७२६ त लंडन शहरानजीक झाला. १७५६ त तो पोर्तुगालास जात असतां फ्रेंचांनीं त्याचें जहाज पकडलें व त्यास ब्रेस्ट येथील कोठडींत घातलें. तेथें बंदीवानाची भूक व तहान त्यानें स्वतः सोसली. सुटका झाल्यावर तो कार्डिंग्टन गांवीं राहिला, व तेथील गरिबांकरितां त्यानें चांगलीं घरें बांधविलीं.

१७७३ त तो बेडफर्ड परगण्याचा शेरीफ झाला. तुरुंगाची देखरेख करणें हें शेरीफाचें काम. तें तो दुसऱ्यावर न सोंपवितां स्वतः आंत गेला. जेलरास पगार नव्हता. कैद्यांपासून मिळणाऱ्या फीवर त्याचें पोट चाले. म्हणून पंचांनीं ज्यांस निर्दोष ठरविलें, तेही फी देतां येईना म्हणून पुन्हा कोंडले जात. जेलरास पगार द्यावा, अशी विनंति हॉवर्डनें मॅजिस्ट्रेटांस केली. त्यांनीं असा दाखला अन्यत्र आहे काय, असें विचारलें. दाखला शोधावयास तो परगण्यापरगण्यांतून फिरला. दाखला मिळाला नाहीं, अन्याय मात्र सर्वत्र सांपडला. खिडक्यांवर कर असे, म्हणून जेलर त्या बुजवून टाकीत. तुरुंगतापानें मरणारे फांशीं जाणाऱ्यांहून अधिक आहेत, असें त्याला दिसून आलें. हा ताप दूषित हवेनें होतो, असें तेव्हां मानीत. तो उवांच्या योगें पसरतो, हें १९०९ त सिद्ध झालें. १७५० त तर तो लंडनच्या न्यायमंदिरांत शिरला, व खुद्द न्यायाधीशही त्यास बळी पडले.

ह्या मृत्यूंचा दोष कोणाचा? १७२९ त फ्लीट तुरुंगाचा अधिकारी बॅम्ब्रिज ह्याजवर खुनाचा खटला झाला होता. ज्या घरांत देवी आल्या होत्या, तेथें त्यानें एका कर्जदार कैद्यास ठेविलें, व तो कैदी त्याच रोगानें मेला. तरी पंचांनीं बॅम्ब्रिजला सोडून दिलें. अशा मृत्यूंत एकट्यावर खून शाबीत करणें कठीण असतें. जेलर, मॅजिस्ट्रेट व शेरीफ हे एकमेकांकडे बोट दाखवितात.

हॉवर्डनें पार्लमेंटापुढें साक्ष दिली, व १७७४ त दोन कायदे झाले. पहिल्यानें निर्दोष ठरलेल्यांपासून फी घेणें बंद झालें. दुसऱ्यानें भिंतींस चुना, मोकळी हवा, आजाऱ्यांस निराळ्या खोल्या व वैद्य ह्यांची तजवीज करण्याचा भार मॅजिस्ट्रेटांवर घातला. त्या कायद्यांच्या प्रती हॉवर्डनें स्वखर्चानें छापून जेलरांकडे पाठविल्या. कायदा झाला म्हणजे काम झालें, असें त्यानें मानिलें नाहीं. तो पुन्हा पाहावयास गेला, तों पुष्कळ ठिकाणीं त्याची अंमलबजावणी झालीच नव्हती! मग १७७७ त त्यानें तुरुंगांच्या स्थितीवर ग्रंथ छापून प्रत्येक ठिकाणची हकीकत नांवनिशीवार लिहिली. पुढें तो युरोपांतील अनेक देशांत हिंडला. त्याचा एकंदर प्रवास चाळीस हजार मैलांवर झाला. शेवटीं रशियाच्या राज्यांतील खेरसन येथें तापानें आजारी असलेल्यांची सेवा करीत असतां त्यासही ताप आला, आणि २० जानेवारी १७९० रोजीं तो प्रभूकडे गेला.

बंधुजनहो, बंदीवानाची भेट ती आपलीच भेट, असें आमच्या प्रभूनें मानिलें आहे. ज्याच्या हातीं दुसऱ्याची किल्ली आहे, त्याच्या हातीं त्याचा प्राणही आहे. आणि जो पाहूं शकतो पण पाहत नाहीं, त्यासही हिशेब द्यावा लागेल.