रमाबाईंची शेवटची पोथी

पंडिता रमाबाई म्हटले की आपल्याला शारदा सदन आठवते, केडगावचे मुक्ती मिशन आठवते. ज्यांचे वाचन थोडे अधिक आहे त्यांना १८९३ साली पुण्यात उठलेले वादळही आठवते. १९८९ साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. परंतु आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे या बाईंनी कोणत्या कामात वेचली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करीत होत्या आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणीत होत्या.

या कामाची मुळे त्यांच्या जन्मापूर्वीच्या एका वादात आहेत, असे मला वाटते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पेशव्यांच्या वाड्यात आपले गुरू राणीसाहेबांना संस्कृत शिकवितात हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि आपल्याही पत्नीस शिकवावयाचे असे मनाशी धरले. त्यावरून गहजब झाला. उडुपीला पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रियांनी पुराणे व काव्ये शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथांच्या आधारे सिद्ध केले. वेद मात्र त्यांनीही बायकोमुलींना शिकविले नाहीत. एवढ्या धाडसी माणसाचीही एक सीमा होती!

पुढे हे कुटुंब गंगामूळच्या रानात राहू लागले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आईने त्यांना संस्कृत शिकविले. गावोगाव, तीर्थोतीर्थी पुराण सांगत हे कुटुंब हिंडले. दुष्काळ आला, आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात दोन पुस्तके त्यांच्या हाती आली. केशवचंद्र सेन यांनी, वेद वाचले आहेत काय, असे विचारले. स्त्रियांना तो अधिकार नाही, असे उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी वेदाची प्रतच भेट दिली. दुसरे पुस्तक बायबल. ते संस्कृतात होते. संस्कृतात बोलणाऱ्या, हजारो श्लोक मुखोद्गत असणाऱ्या रमाबाईंना ते मुळीच रुचले नाही. त्याची भाषा त्यांना आपल्या ओळखीच्या संस्कृतासारखी वाटली नाही आणि आशयही परका वाटला. त्यांनी ते बाजूला ठेवून दिले.

दोन वर्षांत भाऊ वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर विवाह केला. सिल्चरच्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकचे शुभवर्तमान सापडले. ते साध्या बंगालीत होते. ते मात्र त्यांनी मन लावून वाचले. पंडितेला संस्कृतातले बायबल भिडले नाही आणि नवी शिकलेली बंगाली भिडली, ही गोष्ट मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची वाटते.

१८८२ साली पतीही वारले. कडेवर मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्राला हा धक्का होता. पण ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांनाही या बाई सोप्या गेल्या नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत बायबलात कोठे आहे, असे त्या विचारीत. चर्च सांगते म्हणून मानावयाचे, हे त्यांना पटेना. एका धर्मातील पंडितांची सत्ता सोडून आले ती दुसऱ्या धर्मातील बिशपांची सत्ता मानण्यासाठी नव्हे, असा एकंदर त्यांच्या पत्रांचा सूर आहे. ग्रंथ माझ्या हातात द्या, मी वाचते, अशी ही वृत्ती. उडुपीच्या सभेत उभ्या राहिलेल्या बापाचीच ही मुलगी!

अमेरिकेचा प्रवास, १८८९ सालचे शारदा सदन, त्यात मुलींना ख्रिस्ती केले जाते म्हणून १८९३ साली उठलेला गदारोळ, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडणे, हे सर्व पुष्कळदा लिहिले गेले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो उपाशी बायकामुली गोळा केल्या आणि केडगाव गजबजले. या बायकांना अक्षर ठाऊक नव्हते. त्यांच्या हाती बायबल द्यावयाचे तर कोणते?

मराठीत बायबल नव्हते असे नाही. बंगालमधील सेरामपूरहून विल्यम कॅरी याने १८११ सालीच नवा करार मराठीत छापला होता. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी व त्यांच्या शास्त्रीमंडळींनी संपूर्ण बायबल केले. रमाबाईंची तक्रार अशी की, ही मराठी संस्कृताने जड झाली आहे, आणि तिच्यातील पुष्कळ शब्द वेदान्ताचे अर्थ बरोबर घेऊन येतात. तक्रार खोटी नव्हती. मोक्ष म्हटले की आपल्याला जन्ममरणाचा फेरा आठवतो. आपल्या वडगावच्या बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बाईला जो शब्द कळेल तोच हवा, असा काहीसा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई हिब्रूच्या अभ्यासाला बसल्या.

आमच्या घरी श्रावणात पोथी लागते. वाचणारा बाहेरून येतो आणि आई हात जोडून ऐकते. समोरचे पुस्तक तिचे असूनही तिचे नसते. म्हणून रमाबाईंचा हा आग्रह मला पुस्तकी वाटत नाही.

एका बाबतीत मात्र माझे त्यांच्याशी जुळत नाही. फादर स्टीफन्स हा इंग्रज गोव्यात आला आणि १६१६ साली त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत, पुराणाच्या थाटात सांगितली. परक्याने आपले पुराण उचलले, आणि पुराणिकाच्या घरात जन्मलेल्या रमाबाईंनी त्याचा वासही नको म्हणून शब्द निवडून काढले. शब्द स्वच्छ झाले, परंतु मराठी कानाची सवय त्यांनी हातची घालविली, असे मला वाटते.

विद्वान मंडळी आणखीही एक आक्षेप घेतील. त्या काळी युरोपात बायबलची चिकित्सा जोरात होती. नाताळचा बिशप कोलेन्सो झुलू भाषेत भाषांतर करीत होता. नोहाच्या जहाजाची कथा खरी काय, असे त्याच्या झुलू साहाय्यकाने विचारले, आणि १८६२ पासून कोलेन्सोने मोशेच्या ग्रंथांवर शंका घेणारी पुस्तके लिहिली. रमाबाई त्या वाटेने गेल्या नाहीत. सिद्धांतांवर त्या भांडल्या, ग्रंथावर नाही. १८९१ च्या सुमारास त्यांना जो आंतरिक अनुभव आला त्यानंतर तर वादाचा जोरही ओसरला. मूळ भाषा त्या शिकल्या त्या शंका घेण्यासाठी नव्हेत, तर ग्रंथ अधिक जवळून ऐकण्यासाठी.

केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविणे, छापणे, बांधणी करणे ही कामे दुष्काळातून आलेल्या मुलीच करीत. काल ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्या बोटांतून हे पुस्तक जुळत गेले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. सारा कारभार जिच्यावर सोपवावयाचा ती एकुलती एक मुलगी गेली, तरी प्रुफे तपासणे चालूच राहिले. काम पूर्ण होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्या करीत, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. शेवटचे प्रूफ तपासून झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. बायबल छापून बाहेर पडले १९२४ साली. मराठी चर्चमधून मात्र पूर्वीपासून रूढ असलेल्या बायबलाचेच वाचन चालू राहिले.