पदाच्या डोक्यावरची ओळ

या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा माझ्या वर्गमैत्रिणीने पावसावर लिहिलेल्या कवितेला मी चाल लावली. चाल लावली म्हणजे काय, तर निमगाव केतकीहून बारामतीला येणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसून लासुर्णे ते भवानीनगरच्या दरम्यान ती गुणगुणत गेले आणि कॉलेजच्या फाटकाशी उतरले तेव्हा चाल तयार होती. इतक्या सहज सुचलेली गोष्ट आपल्या हातून कधी झाली नव्हती, म्हणून मला तिचा फार अभिमान वाटला. कार्यक्रमपत्रिकेच्या मसुद्यात 'संगीत' या शब्दापुढे माझे नाव लिहिले गेले. आमच्या घरातले कोणाचेच नाव अजून कशावर छापून आलेले नाही. हेच गीत पुढे स्वरचित चालींच्या स्पर्धेलाही पाठवायचे ठरले.

त्या रविवारी मी घरी भाकरी थापताना ती चाल म्हणत होते. आबा पानमळ्यातून आले, ओसरीवर टेकले आणि पायाने ठेका धरू लागले. मग त्यांनी विचारले की ही गौळण तू कधी पाठ केलीस. मी म्हटले, ही गौळण नाही, माझी चाल आहे. आबा हसले आणि त्यांनी गौळणीचे शब्द घालून पहिले कडवे म्हणून दाखवले. एका सुराचाही फरक नव्हता. आबा गावच्या भजनी मंडळात टाळ धरतात. पालखी निमगावला मुक्कामाला असते त्या रात्री मी लहानपणी त्यांच्या मांडीवर झोपून ही गौळण ऐकलेली असणार. मला मात्र त्यातले काहीच आठवत नव्हते.

सोमवारी मी आमच्या मराठीच्या सरांकडे गेले. चोरी झाली, पण मी केलेली नाही, असे काहीतरी गोंधळलेले मी त्यांना सांगितले. सरांनी रागावण्याऐवजी ग्रंथालयातून 'संगीत सौभद्र'ची एक जुनी प्रत काढून दिली आणि पदांच्या वर काय छापले आहे ते पाहायला सांगितले. त्या प्रतीपासून मी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या आयुष्यापर्यंत गेले. परीक्षेपुरते त्यांचे नाव मला माहीत होते. मराठी संगीत रंगभूमीचे जनक, एवढे एक वाक्य पाठ होते.

बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. म्हणजे मराठी नाटक आणि किर्लोस्कर एका वयाचे. मुलूख कानडी आणि घरची भाषा मराठी, त्यामुळे त्यांच्या कानावर दोन्हीकडची गाणी पडत राहिली. तिकडची कानडी पदे, इकडची कीर्तने, लावण्या, बायकांची गाणी. पुढे शिक्षणासाठी ते पुण्याला आले. पण अभ्यासापेक्षा नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडी त्यांचे मन अधिक रमले. त्या मंडळ्यांना ते पदे रचून देत. परीक्षा राहिलीच. (आमच्यापैकी काहींना हे वाचून बरे वाटेल, पण प्राचार्यांनी हा भाग वाचू नये.) घरच्यांनी परत बोलावले. मग बेळगावला मास्तरकी झाली, पोलिसखात्यातली नोकरी झाली, आणि अखेर पुण्यातल्या रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते कारकून म्हणून बसले.

तिथे असताना, १८८० साली, एका पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा खेळ त्यांनी पाहिला. सारे नाटक गाण्यात होते. हे मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना पछाडले. त्यांनी कालिदासाचे 'शाकुंतल' हाती घेतले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. भाव्यांच्या नाटकात गाण्याचे काम सूत्रधाराचे असे. पात्रे बोलत आणि तो मागे उभा राहून गाई. किर्लोस्करांनी गाणे पात्रांच्या तोंडी दिले. दुष्यंत स्वतः गाऊ लागला. त्यासाठी मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गाते नट त्यांना मिळाले, आणि १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर आले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला 'सौभद्र' रंगभूमीवर आले आणि भाऊरावांची सुभद्रा पाहायला लोक लोटले.

आता त्या छापील ओळीकडे येते. एकट्या 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदे आहेत. कचेरी सांभाळून एका माणसाने इतक्या चाली कोठून आणल्या? उत्तर पुस्तकातच, पदाच्या डोक्यावर, बारीक अक्षरात आहे. तिथे राग आणि ताल दिलेला असतो आणि 'चाल' असे लिहून पुढे ज्या गाण्याच्या चालीवर ते पद बांधले त्याचे आरंभीचे शब्द असतात. कोठे कानडी पद, कोठे लावणी, कोठे जुनी चीज. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांना तर तेवढेही लागत नाही, कारण त्यांची चाल कीर्तनाला बसणाऱ्या प्रत्येकाला येत असे. बारामतीकरांना हे वेगळे सांगायला नको. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) याच गावात बसून हजारो आर्या रचल्या, पण आर्या म्हणायची कशी हे कीर्तनकारांना आधीच ठाऊक होते. नवे शब्द जुन्या सुरावर ठेवणे हा आपल्याकडे लपवण्याचा व्यवहार कधीच नव्हता.

सरांशी बोलताना यातली दुसरी बाजू लक्षात आली. त्या काळी भातखंड्यांची किंवा पलुसकरांची स्वरलिपी नव्हती. दूरच्या गावी कोणी 'सौभद्र'चे पुस्तक विकत घेतले तर त्याने पद गायचे कसे? डोक्यावरची ती ओळ हीच त्याची स्वरलिपी. म्हणजे ऋण मान्य करण्यासाठी अण्णासाहेबांनी ती छापली असे म्हणून त्यांना साधुपुरुष करण्याचे कारण नाही. तो सोयीचा भाग होता. पण सोयीसाठी का होईना, प्रत्येक सूर कोठून आला याचा हिशेब त्यांना ठेवावा लागला, आणि तो त्यांना ठेवता आला. मला इथेच थांबावेसे वाटले. माझ्या हातून चाल उचलली गेली यात नवल नाही. ती कोठून उचलली हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मला तिच्या डोक्यावर काही लिहिता आले नसते.

ठाऊक नसणे ही सबब जगात कोणी ऐकून घेतो का, हेही शोधले. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांचे 'माय स्वीट लॉर्ड' हे १९७० सालचे गीत 'हीज सो फाइन' या १९६३ सालच्या गीतासारखे आहे, असा दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयात चालला. १९७६ साली न्यायाधीशांनी निकाल दिला. हॅरिसन यांनी जाणूनबुजून नक्कल केलेली नाही, त्यांच्या अंतर्मनाने ती केली, हे त्यांनी मान्य केले आणि तरीही त्यांना दोषी ठरवले. आमच्या ओसरीवर निकाल लावणारे आबा अधिक दयाळू होते.

किर्लोस्करांना पुढे फार दिवस मिळाले नाहीत. 'रामराज्यवियोग' हे नाटक १८८४ मध्ये आले ते अपुरेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूरलाच त्यांचा अंत झाला. वय बेचाळीस. 'शाकुंतला'च्या पहिल्या प्रयोगापासून मोजले तर अवघी पाच वर्षे. मंडळी मात्र चालत राहिली. १९११ मध्ये तिनेच 'मानापमान' केले. त्याला गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि चाली देणारा असा वेगळा माणूस नाटकात मानाने दिसू लागला. 'संगीत' या शब्दापुढे एक नाव लिहिण्याची जी रीत आमच्या पत्रिकेपर्यंत आली आहे, तिची एक मुळी तिथे असावी असे मला वाटते.

मधल्या काळात आणखी एक गंमत झाली. ज्या कानडी पदांवरून अण्णासाहेबांनी चाली घेतल्या ती आपल्याकडे कोणाला आठवत नाहीत. चाल आता 'सौभद्रा'ची म्हणून ओळखली जाते. नाटकातल्या पदांच्या चालीवर अभंग आणि गौळणी म्हणणारी भजनी मंडळे तर गावोगाव आहेत. हे वाचल्यावर मी आबांना विचारले की आपली ती गौळण कोणत्या चालीवर आहे. त्यांनी सांगितले की त्यांना ती त्यांच्या चुलत्यांनी शिकवली, चुलत्यांना कोणी शिकवली ते माहीत नाही.

छपाईला जाण्याआधी मी पत्रिकेतले माझे नाव खोडले आणि गीताच्या वर 'चाल : गौळणीची' असे लिहून दिले. स्पर्धेतूनही गीत काढून घ्यावे लागले, कारण ती स्वरचित चालींची होती. मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कविता तिची होती आणि ती कोणाची नक्कल नव्हती, तेव्हा तिचा राग खरा होता. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन माझ्याबरोबर निमगावला आली, मूळ गौळण ऐकायची म्हणून. आबांनी टाळ काढले. दोन कडवी त्यांनी म्हटली, तिसरे त्यांना आठवेना. ते शेजारच्या गावातल्या एका बुवांना येते म्हणतात. येत्या एकादशीला आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत.