पंडिता रमाबाई : श्रद्धेचा शोध आणि सेवा

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, अशी त्या काळची समजूत होती. ती न जुमानता अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले. त्यास पंडितांचा विरोध झाला, तेव्हा त्यांनी अरण्यात आपला आश्रम उभारला. पुढे लक्ष्मीबाईंनी हीच विद्या रमाबाईंना दिली. लहान वयातच भागवतातील हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले.

आश्रमाचा खर्च झेपेनासा झाल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. गावोगावी पुराण सांगावे आणि मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. अशातच दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, भांडीकुंडी विकली गेली. देवदर्शने, उपवास, जपजाप्य, दानधर्म यांत त्यांनी काही कमी केले नाही. परंतु संकट टळले नाही. १८७४ साली वडील आणि पाठोपाठ आई यांचे निधन झाले. थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. दोघांनी पायी हिंदुस्थानचा फार मोठा भाग पालथा घातला. ज्या श्रद्धेत आपण वाढलो ती खरी आहे काय, हा प्रश्न याच प्रवासात रमाबाईंच्या मनात उभा राहिला.

१८७८ साली हे भाऊ-बहीण कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या ज्ञानाची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविले. कलकत्त्यासच त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. सर्वजण आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसलेले पाहून हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत आहेत, असे त्यांना वाटले! त्या दिवशी त्यांना संस्कृत बायबलची एक प्रत भेट मिळाली. पण त्यातील फारसे काही त्यांना उमगले नाही.

१८८० साली श्रीनिवास यांचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. मात्र १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या आजाराने बिपिनबिहारींचा अंत झाला. चोविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या. तेथे त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ लिहिला आणि शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना शिक्षिका व डॉक्टर होण्याची संधी मिळावी, अशी मागणी केली.

वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो बेत सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. या भगिनींचे लंडनच्या फुलहॅम भागात एक सेवागृह होते. समाजाने पतित म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत असे. हे दृश्य रमाबाईंच्या मनाला भिडले. अशा स्त्रियांना कठोर प्रायश्चित्ते सांगणारी वचने त्यांनी वाचली होती; त्यांना जवळ घेणारी माणसे त्या प्रथमच पाहत होत्या. ही करुणा कोठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचावयास मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

महाराष्ट्रात या घटनेने मोठी खळबळ उडाली. इकडे इंग्लंडमधील धर्मगुरूंनाही रमाबाई सहज मानवल्या नाहीत. चर्चचे सिद्धांत त्यांनी निमूटपणे मान्य करावेत, अशी अपेक्षा होती. रमाबाई मात्र प्रत्येक सिद्धांत बायबलशी ताडून पाहत आणि न पटलेल्या गोष्टीविषयी पत्रांतून निर्भीडपणे वाद घालीत. एका धर्मातील पंडितांची सत्ता झुगारून दुसऱ्या धर्मातील पंडितांच्या सत्तेखाली जाणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी शाकाहार सोडला नाही, भारतीय वेशही सोडला नाही.

धर्म स्वीकारला म्हणजे श्रद्धा पूर्ण झाली, असेही त्यांनी मानले नाही. आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, पण ख्रिस्त आपल्याला अजून गवसला नाही, ही जाणीव त्यांना अनेक वर्षे अस्वस्थ करीत होती. १८९१ च्या सुमारास, दीक्षेनंतर आठ वर्षांनी, त्यांना आंतरिक शांतीचा अनुभव आला. देवाची कृपा पुण्याईने मिळवायची नसते, ती विश्वासाने स्वीकारायची असते, असे त्यांना उमगले.

दरम्यान १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहून त्यांनी हिंदुस्थानातील विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळविले होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. या शाळेत कोणत्याही धर्माचा उपदेश करावयाचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरलेले होते. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून १८९३ साली वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुलींना शाळेतून काढून घेतले. मुलींना प्रार्थनेला येऊ देणे हा वचनभंग आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. तर कोणावर सक्ती करू नये, तसेच कोणाला अडवूही नये, अशी रमाबाईंची भूमिका होती. या वादात जवळचे लोक दुरावले, तरी रमाबाईंनी शाळा बंद केली नाही आणि प्रार्थनाही सोडली नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व स्त्रियांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. पुण्यात प्लेगची साथ असल्यामुळे त्यांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. प्रथम झोपड्या, मग विहिरी, मग इमारती, असा ‘मुक्ती’ या संस्थेचा विस्तार झाला. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. तेथे जात विचारली जात नसे. स्त्रिया शेती करीत, विणकाम करीत, तेल गाळीत आणि छापखानाही चालवीत. अंध, वृद्ध आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांनाही तेथे आसरा मिळाला. फुलहॅमला पाहिलेली करुणा रमाबाईंनी केडगावच्या माळावर आणली होती.

खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही बायबल स्वतः वाचून समजावे, ही रमाबाईंची तळमळ होती. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या व मूळ ग्रंथाचे सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. मुक्तीतील स्त्रियाच त्याचे खिळे जुळवीत आणि छपाई करीत. १९२१ साली मनोरमेचे निधन झाले. त्या दुःखातही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंची प्राणज्योत मालवली. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रकाशित झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही कार्यरत आहे.

रमाबाईंचे धर्मांतर सर्वांना पटले नाही आणि आजही त्याविषयी मतभेद आहेत. परंतु परंपरेने मिळालेले असो वा परदेशात ऐकलेले असो, पारखून घेतल्याशिवाय त्यांनी काहीही स्वीकारले नाही. आणि जे स्वीकारले ते केवळ प्रार्थनेपुरते ठेवले नाही. भुकेल्याला अन्न, निराधाराला घर आणि निरक्षराला अक्षर देणे, हेच त्यांच्या श्रद्धेचे आचरण होते.